ॲव्हरेज ब्रेकखाली असते: कमी इंधनात गाडी चालवण्याच्या सवयी, पायरीपायरीने

गाडी ॲव्हरेज देत नाही, ही तक्रार आपण सहसा गाडीबद्दल, पेट्रोलबद्दल किंवा रस्त्याबद्दल करतो. आपल्या उजव्या पायाबद्दल ती क्वचितच केली जाते. गेली काही वर्षे मी माझ्या बाराशे सीसीच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये भरलेल्या प्रत्येक टाकीची नोंद एका वहीत ठेवत आलो आहे. त्या वहीवरून मला एक गोष्ट पटली आहे. इंधन वाचवणे म्हणजे रेंगाळत गाडी चालवणे नव्हे. जेथे थोड्या वेळाने ब्रेक दाबावाच लागणार आहे, तेथे आधीपासून ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवणे, हा बचतीचा मोठा भाग आहे. बाकीच्या युक्त्या उपयोगी आहेत, पण त्यांचा क्रमांक त्यानंतरचा.

आधी मोजा

मोजमापाशिवाय कोणती सवय लागू पडली आणि कोणती नाही हे कळत नाही. पद्धत जुनीच आहे. पंपावर टाकी फुल करावी, नोझल आपोआप बंद झाला की तेथेच थांबावे, रक्कम गोल करण्यासाठी आणखी पेट्रोल ओतू देऊ नये आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी पुन्हा फुल करावी. ट्रिप मीटरवर ४१२ किलोमीटर दिसत असतील आणि टाकीत २४.६ लिटर पेट्रोल बसले असेल, तर ॲव्हरेज लिटरला १६.७ किलोमीटर झाले. एका टाकीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण नोझल थोडा आधी किंवा नंतर बंद झाला तरी अर्धा-एक लिटरचा फरक पडतो. सलग तीन टाक्यांची सरासरी बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा तुलनेसाठी चांगला असला, तरी अनेक गाड्यांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा उदार असतो. माझ्या गाडीत तो जवळपास एक किलोमीटरने जास्त दिसतो.

जाहिरातीतल्या आकड्याशी आपल्या गाडीची तुलना करून दुःखी होण्याचे कारण नाही. तो आकडा चाचणी केंद्रात, गाडीची चाके फिरत्या रोलरवर ठेवून, वेगाचा एक ठरावीक आलेख पाळून काढलेला असतो. पुण्यात वेताळ टेकडीला अनेक जण ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, ती ज्या संस्थेमुळे, त्या १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या संस्थेत अशा चाचण्या होतात. प्रचलित भारतीय आलेखात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. हा आकडा एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करण्यासाठी आहे. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत त्याची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही हिशोब येथेच करून ठेवावा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून गाडी बिघडली असा निष्कर्ष काढण्याआधी ही बाब लक्षात घ्यावी. तुलना करायची ती आपल्याच गेल्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदींशी.

वहीत लिटरच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा, उत्सर्जनाचा. एक लिटर शुद्ध पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जेमतेम पाऊण किलो वजनाच्या एक लिटर पेट्रोलमधून सव्वादोन किलोहून अधिक वायू कसा निघतो, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. इंधनातल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू येऊन मिळतात आणि वजन वाढते ते त्या ऑक्सिजनचे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज १६.७ वरून १९ वर गेले, तर सुमारे ८५ लिटर पेट्रोल वाचते आणि शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने जवळपास दोन क्विंटल वायू टळतो. पीयूसीच्या दाखल्यावरून हे कळत नाही. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत मर्यादा असते ती कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनला. कार्बन डायऑक्साइडचा हिशोब इंधनाच्या पावतीतूनच करावा लागतो.

ब्रेक दाबण्याआधीचे दहा सेकंद

चालकासह सुमारे एक हजार किलो भरणारी छोटी गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला आणण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, ती इंजिनाची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर सोळा-सतरा मिलिलिटर पेट्रोलमधून मिळते. म्हणजे मोठा चमचाभर पेट्रोल. सिग्नलवर ब्रेक दाबून गाडी उभी केली की ती सगळी ऊर्जा ब्रेक पॅड आणि डिस्कच्या उष्णतेत जाते आणि हिरवा दिवा लागल्यावर दुसरा चमचा ओतावा लागतो. पेट्रोलच्या शंभरीपलीकडच्या भावाने हा एकेक चमचा पावणेदोन रुपयांच्या आसपास पडतो. वेग दुप्पट केला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणून ४० च्या वेगावरून थांबणे साडेसात मिलिलिटरला आणि ८० वरून थांबणे तीस मिलिलिटरला पडते.

आता शहरातल्या दहा किलोमीटरच्या प्रवासात सिग्नल, गतिरोधक, अचानक वळणारी रिक्षा आणि मध्येच थांबणारी बस धरून तीस वेळा ४० वरून जवळजवळ शून्यावर यावे लागले असे समजू. तीस गुणिले साडेसात म्हणजे सव्वादोनशे मिलिलिटर. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला या प्रवासासाठी सुमारे ६७० मिलिलिटर पेट्रोल लागते. त्यातले एक-तृतीयांश निव्वळ ब्रेक तापवण्यात गेले. शहरातली बचत शोधायची तर ती येथे शोधली पाहिजे.

त्यासाठीची पहिली सवय नजरेची आहे. बहुतेक चालक पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहून गाडी चालवतात, त्यामुळे पुढच्याने ब्रेक मारला की यांचाही पाय ब्रेकवर जातो. नजर चार-पाच गाड्यांच्या पुढे, म्हणजे सिग्नलवर, बसथांब्यावर आणि पुढच्या गतिरोधकाच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवावी. दोनशे मीटरवरचा दिवा लाल दिसला, की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून आपोआप मंदावू द्यावी. सेकंद उलटे मोजणारे सिग्नल या कामी फार उपयोगाचे आहेत: लाल दिव्याचे बारा सेकंद उरलेले दिसले, तर वेग हळूहळू २०-२५ वर येऊ द्यावा. असे केल्यावर दिवा हिरवा होताना आपण चालत्या गाडीत दुसऱ्या गिअरवर असतो आणि घाईने येऊन ब्रेक मारून थांबलेला शेजारी तेव्हा पहिला गिअर टाकत असतो. दोघे पुढच्या सिग्नलला एकाच वेळी पोहोचतात.

याची दुसरी बाजू अंतराची आहे. पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखले, तर त्याच्या लहानसहान ब्रेकिंगला उत्तर म्हणून आपल्याला फक्त पाय उचलावा लागतो. शहरात एवढे अंतर ठेवले की कोणी ना कोणी मध्ये घुसतोच, ही तक्रार खरी आहे. मात्र जो घुसतो तो सहसा लगेच पुढेही सरकतो, आणि त्याच्याशी स्पर्धा करण्यात जो चमचा जातो तो आपल्या टाकीतला असतो.

सराव म्हणून एक आठवडाभर रोजच्या रस्त्यावर किती वेळा ब्रेक दाबला ते मनात मोजावे. सुधारण्याची घाई करू नये, केवळ मोजावे. मी मोजले तेव्हा घर ते कार्यालय या अकरा किलोमीटरमध्ये आकडा ५८ आला. दुसऱ्या आठवड्यात काहीही ठरवून न करता तो पन्नाशीच्या आत आला, आणि महिन्याभराने ३५ च्या आसपास स्थिरावला. वेळेत दोन मिनिटांचाही फरक पडला नाही. ब्रेक कमी वापरल्याने त्यांच्या झिजेतून उडणारी बारीक धूळही कमी होते. ती धुरासारखी डोळ्यांना दिसत नाही, पण शहराच्या हवेत तिचाही वाटा असतो.

गिअर आणि पिकअप

निघताना फार हळूहळू वेग वाढवावा, हा सल्ला अर्धवट बरोबर आहे. पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर आणि थोड्या जास्त भाराखाली अधिक कार्यक्षम असते. उलट, दुसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर गुरगुरत नेले तर बरीच शक्ती हवा ओढण्यात आणि घर्षणात जाते. म्हणून ॲक्सिलरेटर मध्यमसा दाबून, इंजिनाची रेस न वाढवता, गिअर लवकर वर न्यावेत. सपाट रस्त्यावर साधारणपणे पेट्रोल गाडीत दोन हजार फेऱ्यांच्या आसपास आणि डिझेल गाडीत त्याच्याही आधी, सतराशे-अठराशेवर, पुढचा गिअर टाकता येतो. ज्यांच्या गाडीत गिअर बदलण्याची सूचना देणारा बाण आहे, त्यांनी तो मानावा.

मात्र इंजिन धडधडू लागेपर्यंत वरच्या गिअरचा हट्ट धरू नये. चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने चढ चढताना गाडी थरथरत असेल, तर इंजिनावर ताण पडतो आणि इंधनही वाचत नाही. चढावर किंवा रांगेत गाडी धरून ठेवण्यासाठी हाफ क्लचचा वापर ही मराठी मुलखातली जुनी खोड आहे. त्यात इंधन आणि क्लच प्लेट दोन्ही जळतात. तेथे हँडब्रेक वापरावा. एएमटी किंवा ऑटोमॅटिक गाडीत हवा तो वेग आल्यावर ॲक्सिलरेटर किंचित सैल केला की गाडी लवकर वरचा गिअर घेते. ही लहानशी युक्ती अंगवळणी पडायला दोन दिवस पुरतात.

महामार्गावरचा वेग

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलो, तर हा अडथळा ५६ टक्क्यांनी वाढतो. टायरांचा अडथळा फारसा बदलत नाही, म्हणून एकूण खर्च तेवढा चढत नाही, तरीही फरक ठळक असतो. माझ्या गाडीत सपाट रस्त्यावर ८० च्या स्थिर वेगाला २१ च्या आसपास ॲव्हरेज पडते आणि १०० ला १७.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटरचा आहे. घाट आणि टोलनाके बाजूला ठेवून संपूर्ण अंतर १०० ने कापले तर ५७ मिनिटे लागतात, ८० ने कापले तर ७१. चौदा मिनिटांसाठी माझ्या गाडीला सुमारे एक लिटर पेट्रोल जास्त लागते. ही चौदा मिनिटे लिटरभर पेट्रोलाच्या मोलाची आहेत की नाहीत, हे ज्याने त्याने ठरवावे. मुलाची परीक्षा असेल तर मीही १०० ने जाईन. परंतु मर्यादा ओलांडून १२० ने जाण्यात वाचतात ती जेमतेम नऊ-दहा मिनिटे, आणि तीही कागदावर, कारण पुढे घाटाची कमी मर्यादा, ट्रकांची रांग आणि टोलनाका त्यातली निम्मी परत घेतात. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे १९७८ पासून इंधन बचतीचा प्रचार करणारी पीसीआरए, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवते. द्रुतगती मार्गावर तो व्यवहार्य नाही, परंतु राज्य महामार्गावर आणि गावाकडच्या रस्त्यांवर तो अगदी योग्य आहे.

८० ने जायचे ठरवले असेल, तर उजवी लेन सोडून जावे, हे वेगळे सांगायला नको. शक्य तेथे वेग एकसारखा ठेवावा. ७० ते ९५ असा सतत वरखाली होणारा वेग सरळ ८२ पेक्षा महाग पडतो. सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल उपयोगी पडतो, चढउतारावर मात्र तो चढावर वेग टिकवण्यासाठी अनावश्यक जोर लावतो, म्हणून तेथे तो बंद करून चढावर वेग पाच-दहाने घसरू द्यावा. मोठ्या ट्रकच्या पाठीला चिकटून हवेचा अडथळा टाळण्याची कल्पना काही जण अभिमानाने सांगतात. ट्रकचे मागचे दिवे बहुधा बंद असतात, हे लक्षात घेता ही बचत नाही.

घाट: चढताना दिलेले, उतरताना किती मिळते

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना गाडी सुमारे पाचशे-साडेपाचशे मीटर वर चढते. चार माणसांसह बाराशे किलो भरलेल्या गाडीला तेवढ्या उंचीवर नेण्यासाठीच साधारण पाऊण लिटर पेट्रोल लागते, रस्त्याच्या लांबीचा खर्च वेगळा. हा खर्च टाळता येत नाही. वळणाच्या आधी पाय उचलून आणि वळणातून बाहेर पडताना योग्य गिअर आधीच घेऊन तो वाढू न देणे एवढेच आपल्या हाती असते. दर वळणाला जोरात येऊन, करकचून ब्रेक मारून, पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये रेस करणारा चालक तीच चढण दीडपट पेट्रोलात चढतो.

उतरताना मात्र बहुतेकांची समजूत उलटी असते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचते, असे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. कार्ब्युरेटरच्या काळात, वडिलांच्या पिढीच्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडरमध्ये, या समजुतीला काही आधार होता, कारण त्या इंजिनात गिअरमध्ये उतरतानाही पेट्रोल ओढले जात असे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनाच्या फेऱ्या साधारण दीड हजाराच्या वर असल्या, की संगणक इंजेक्टर बंदच करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते आणि पेट्रोल शून्य लागते. न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, त्यामुळे इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते.

हे डोळ्यांनी पाहता येते. पसरणी घाट उतरताना मी डॅशबोर्डवर त्या-त्या क्षणीचे ॲव्हरेज दाखवणारा पडदा लावतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचललेला असताना आकडा ९९.९ वर जाऊन चिकटतो, कारण मीटरला त्यापुढे दाखवता येत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून तो आकडा पाहण्याचा प्रयोग घाटात कोणीही करू नये. तो मी एका मोकळ्या, हलक्या उताराच्या रस्त्यावर केला होता. तेथे ४० च्या वेगाला आकडा पन्नास-साठच्या दरम्यान रेंगाळला. तो पाहून एखाद्याला वाटेल, पन्नास म्हणजे काय कमी आहे? पण गिअरमध्ये खर्चच नव्हता.

पैशापेक्षा मोठी बाब ब्रेकची आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाची धरून ठेवण्याची मदत जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड वाहनांनी किती जीव घेतले, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आजही खरा आहे. उतारावर चावी बंद करणे तर सरळ आत्मघात आहे, कारण दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकची ताकद संपते आणि चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग कुलूपबंद होते. ऑटोमॅटिक गाडीत अशा वेळी एल, २ किंवा मॅन्युअलची सोय वापरावी.

उभी गाडी, चालू इंजिन

छोट्या पेट्रोल गाडीचे इंजिन नुसते चालू राहिले, तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते, एसी लावला तर त्याहून अधिक. मिनिटाला दहा-बारा मिलिलिटर धरले, तर दोन मिनिटांच्या सिग्नलला वीस-पंचवीस मिलिलिटर होतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या सुरू करायला लागणारे पेट्रोल काही सेकंदांच्या आयडलिंगएवढेच असते. म्हणून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असल्याची खात्री असेल, तेथे इंजिन बंद करावे: लांब सिग्नल, रेल्वे फाटक, शाळेबाहेर मुलांची वाट पाहणे, ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून आत गेलेला मित्र. गाडी पूर्ण थांबलेली आणि सपाट जागी असावी. रांगेत दर पाच सेकंदांनी पुढे सरकावे लागत असेल तर हा खटाटोप करू नये.

सकाळी गाडी ‘गरम करण्यासाठी’ पाच मिनिटे चालू ठेवण्याची प्रथा आता निरुपयोगी आहे. इंजिनातले ऑइल वर चढायला अर्धे मिनिट पुरते. पुढचे दोन-तीन किलोमीटर हळुवार चालवले की इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते, आणि धुरातले विषारी वायू शुद्ध करणारा उत्प्रेरकही तापल्याशिवाय कामाला लागत नाही, त्यामुळे पहिल्या एक-दोन मिनिटांचा धूर सर्वांत घाणेरडा असतो. दूध, इस्त्री आणि बँक अशा तीन वेगळ्या फेऱ्यांऐवजी एकच फेरी करण्याचा फायदा यात आहे. सर्वांत लांबचे काम आधी उरकावे, म्हणजे परतीचे थांबे गरम इंजिनावर होतात. कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जाणे सर्वांत स्वस्त. सीएनजी गाडी सुरुवातीला पेट्रोलवर चालून मग गॅसवर जाते, म्हणून लहान फेऱ्यांत तिचा फायदाही आटतो. बीएस-६ डिझेल गाडी सतत दोन-चार किलोमीटरच चालवली, तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो आणि तो साफ होण्यासाठी जादा डिझेल जळते. अशा गाडीला अधूनमधून वीस मिनिटांचा एकसलग रस्ता दाखवावा.

एसी, खिडक्या आणि डोक्यावरचे ओझे

एसीने खर्च वाढतो, पण मे महिन्यात विदर्भात एसी बंद ठेवून घामाघूम होण्याचा सल्ला मी देणार नाही. कावलेला चालक ब्रेक जास्त मारतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या खिडक्या पहिले मिनिट-दोन मिनिटे उघड्या ठेवून आतली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, नंतर एसी लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे आणि तापमान २४-२५ वर ठेवावे. शहरात ४० च्या आत उघड्या खिडक्या स्वस्त पडतात. महामार्गावर खिडक्या बंद करून एसी लावलेला बरा, कारण उघड्या खिडक्यांमुळे हवेचा अडथळा वाढतो.

छतावरचा कॅरिअर हा मात्र खरा चोर आहे. गणपतीला कोकणात जाताना लावलेला कॅरिअर दिवाळीपर्यंत तसाच राहतो, आणि रिकामा असला तरी महामार्गावर हवा कापत राहतो. भरलेल्या मोठ्या पेटीने तर महामार्गावर दहा टक्क्यांच्याही वर फटका बसू शकतो. सामान डिकीत बसत असेल तर छतावर ठेवू नये. डिकीतल्या जादा ४०-५० किलोंनी साधारण एक टक्का फरक पडतो, म्हणून तेथली जुनी फरशी, क्रिकेटचा किट आणि पाण्याचे कॅन काढायला हरकत नाही. त्यातून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नये.

हवा, सर्व्हिसिंग आणि एक तापलेले चाक

टायरमधल्या हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. टायरवर छापलेली कमाल मर्यादा म्हणजे तो आकडा नव्हे. हवा टायर थंड असताना, म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या आत, तपासावी. तापमान दहा अंशांनी घटले तर दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी निघते. चारही चाकांत एक पीएसआय हवा कमी असेल, तर फरक दोन दशांश टक्क्यांच्या आसपास पडतो. तो लोक समजतात तितका मोठा नाही, पण पाच-सहा पीएसआय उतरलेल्या टायरची झीज आणि फुटण्याचा धोका लक्षात घेता पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटे देणे स्वस्तच आहे. दुचाकीस्वारांनी हवा दर आठवड्याला पाहावी, आणि सोबत चेन कोरडी किंवा ढिली तर नाही ना, आणि मधल्या स्टँडवर लावल्यावर मागचे चाक हाताने सहज फिरते ना, हेही पाहावे. दुचाकीच्या ॲव्हरेजला इतका साधा उपाय दुसरा नाही.

इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे वापरावे. घाणेरड्या एअर फिल्टरने इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीचा पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसे घटत नाही. फिल्टर बदलावा, पण त्याच्याकडून बचतीची आशा ठेवू नये. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके आणि ॲव्हरेज वाढवणाऱ्या गोळ्या यांना माझ्या वहीत एक रुपयाचीही जागा नाही. पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते, हीसुद्धा अफवाच आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिचे तापमान दिवसभरात फारसे हलत नाही.

शेवटी वहीचा एक उपयोग सांगतो, जो मला अपेक्षित नव्हता. दोन वर्षांपूर्वी ॲव्हरेज तीन टाक्यांत १७ वरून साडेचौदावर आले. एका गॅरेजने प्लग आणि फिल्टर बदलले, पेट्रोलला दोष दिला आणि बिल हातात ठेवले. पुढच्या टाकीलाही साडेचौदाच. एके दिवशी घरी येऊन गाडी लावली तेव्हा डाव्या मागच्या चाकाजवळून करपट वास आला. हात रिमजवळ नेला, तर उजव्या चाकापेक्षा तेथली धग कितीतरी जास्त होती. हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नव्हती आणि एक चाक महिनाभर ब्रेक लावूनच फिरत होते. केबल मोकळी करायला वीस मिनिटे लागली. तेव्हापासून महिन्यातून एकदा, फारसा ब्रेक न वापरता पाच-सहा किलोमीटर चालवून झाल्यावर, मी चारही चाकांच्या जवळ तळहाताची पाठ धरून पाहतो. रिमला हात लावत नाही, कारण अडकलेल्या ब्रेकचे चाक चटका बसण्याइतके तापते. पुढची दोन चाके एकमेकांइतकी आणि मागची दोन एकमेकांइतकी गरम लागली पाहिजेत. एखादे वेगळे लागले, तर गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक सोडावा, न्यूट्रलमध्ये टाकून एका माणसाला ढकलायला सांगावे. छोटी गाडी एका माणसाच्या जोराने सरकली नाही, तर गॅरेजमध्ये गेल्यावर प्लगबद्दल बोलू न देता आधी त्या चाकाचा ब्रेक उघडायला सांगावा.